राखोलीच्या वळणावरचे चार बुरूज

बाई,

परवा मुलीच्या मोबाइलवर एक लढाई बघितली. जुनंच कुठलंसं महायुद्ध, पण इतिहास उलटा फिरलेला: हरलेले जिंकलेत, आकाशात लोखंडी गलबतं उडताहेत, आणि एका ठरलेल्या वाटेनं शत्रूच्या तुकड्या येत राहतात. आपण वाटेच्या कडेनं बुरूज उभारायचे, त्यांना शेवटच्या टोकाला पोचू द्यायचं नाही. ती मला नियम समजावायला लागली, तेव्हा म्हटलं, बाळ, हा खेळ मी सातवीत सिल्वासाच्या शाळेत फरशीवर बसून खेळलोय. ती हसली. तुम्ही असतात तर तिला दोन मिनिटांत पटवलं असतंत.

शनिवारचा शेवटचा तास. तुम्ही साडीचा पदर खोचून फरशीवर खडूनं दमणगंगा काढताय. दार म्हणजे समुद्राकडचं दमण, कपाटाखाली नदीच्या वरच्या टोकाचं दुधनी. चिंचोके म्हणजे पोर्तुगीज, सोड्याच्या बाटल्यांची झाकणं म्हणजे आमचे बुरूज. धड्यावरच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं की एक झाकण मिळायचं. बुरुजापासून फरशीच्या दोन चौकोनांच्या आत आलेला चिंचोका बाद, आणि दर फेरीला चिंचोके वाढत जायचे. कल्पना एकच: पेशव्यांनी हा नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगीजांना दिलाच नसता, आणि ते नदीकाठानं घ्यायला आले असते, तर? पहिल्या दिवशी मी सगळी झाकणं दारातच रचली. तुमची रत्नागिरीकडची जीभ लगेच सुटली, "अरे मेल्या, सगळे दारातच? ते आत शिरले की मग काय, हात हलवून निरोप देणार?" वर्ग खिदळला. मला राग आला, पण त्या रागानंच मी आठवडाभर वहीत नदी काढत बसलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. नदी जिथे वळते तिथल्या बुरुजाला शत्रू दोनदा सापडतो, जाताना एकदा आणि वळून येताना पुन्हा. पुढच्या शनिवारी मी राखोलीच्या वळणावर चार झाकणं ठेवली. एकही चिंचोका दुधनीला पोचला नाही. तुम्ही खडू माझ्या हातात दिलात.

त्या खडूचं मोल तुम्हाला कळलं असेल का, कोण जाणे. आम्ही धुळ्याकडचे, सिल्वासातच टोकरखाड्याच्या वस्तीत एका खोलीत राहायचो. वडील राखोलीला धाग्याच्या कंपनीत होते. मी सिल्वासाला आपलं गाव म्हटलं की ते म्हणायचे, "आपण इथे पोटासाठी आलोय रे भो. आपलं गाव तिकडे." तिकडचं मला काही आठवत नव्हतं, आणि इथली पोरं मला बाहेरचा म्हणायची. त्या शनिवारी पहिल्यांदा वाटलं, हा मुलूख मी राखलाय, आता तो थोडा माझाही आहे.

मग सहामाही आली. प्रश्न होता, नगर हवेली पोर्तुगीजांकडे कशी गेली? मी लिहिलं, गेलीच नाही, राखोलीच्या वळणावर चार बुरुजांनी त्यांना परत पाठवलं. नेमका तोच पेपर मुख्याध्यापकांनी तपासणीला उचलला. मी वह्या घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभा आहे आणि ते विचारताहेत, "बाई, इतिहास शिकवता की थापा मारायला शिकवता?" तुम्ही मान खाली घालून म्हणताय, "चूक माझीच, सर. पोराचा गोंधळ मीच केला." बाहेर आल्यावर मलाच म्हणालात, "तू मनाला लावून घेऊ नकोस हो." त्यानंतर फरशीवर नदी कधी आली नाही. शनिवारचा शेवटचा तास आम्ही धडा मोठ्यानं वाचण्यात घालवला.

तुम्ही गेलात, आता हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. तुमच्या घरच्यांना तर नाहीच. ते बिचारे काय करणार याचं? पण बाई, माझा गोंधळ झालाच नव्हता. पेशवे, मराठ्यांनी धरलेलं पोर्तुगीज जहाज, त्याच्या भरपाईपोटी दिलेली गावं, सगळं मला तोंडपाठ होतं. जिंकलेला मुलूख स्वतःच्या हातानं देऊन टाकणं जिवावर आलं, म्हणून मी जाणूनबुजून खोटं लिहिलं. तुम्ही मान खाली घातलीत तेव्हा मी बोलायला हवं होतं. भीती वाटली म्हणून गप्प राहिलो, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. तुम्ही माझ्यासाठी बोलणी खात होतात, आणि ते मला फार आवडत होतं.