'अंगणातील पणती' (मूळ नाव 'दुसरी पाळी') या कादंबरीच्या लेखिकेच्या माफीबाबत

प्रति,
मा. संचालक,
प्रकाशन मंडळ, त्रिपुरी विद्यापीठ,
जबलपूर (मध्य प्रदेश)

अर्जदार : कु. शरयू दत्तात्रय हरकरे, सहायक शिक्षिका, राहणार गोहलपूर, जबलपूर

विषय : नवलेखिका ग्रंथमालेच्या प्रकाशन समारंभातील वर्तनाबद्दल माफी मागणे व श्रीमती शकुंतला खापरे यांच्याविरुद्धची तक्रार मागे घेणे याबाबत.

संदर्भ : आपले दिनांक २९ नोव्हेंबर १९६५ चे पत्र ('अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल' असा शेवट असलेले).

महोदय,

१. उपरोक्त पत्रान्वये आपण मला माफी मागण्यास फर्मावले आहे. माफी कशाबद्दल, ते मात्र 'समारंभातील अशोभनीय प्रकार' एवढ्या तीन शब्दांत गुंडाळले आहे. आपण त्या वेळी मंचाच्या मध्यभागी विराजमान होता हे खरे. परंतु आपले बहुतांश लक्ष फोटोग्राफरकडे असल्याने प्रकार नेमका काय घडला हे आपल्या ध्यानी आले नसावे, असे मानण्याइतका आदर मी अद्याप राखून आहे. सबब झाले ते सांगते. थोडे आधीपासून सांगावे लागेल.

२. गेल्या वर्षी आपल्या मंडळाने महाकोशलातील मराठी लेखिकांना उत्तेजन देण्यासाठी हस्तलिखिते मागवली. मी माझी कादंबरी 'दुसरी पाळी' पाठवली. माझ्या शेजारीण शकुंतलाबाई खापरे, ज्यांना आम्ही सारे शकु म्हणतो, दारूगोळ्याच्या कारखान्यात स्फोटके भरण्याच्या खात्यात काम करतात. चीनच्या लढाईच्या वेळी, कामाची घाई चालू असता, त्यांच्या समोर दारूचा भडका उडाला. चेहऱ्याची डावी बाजू आणि त्या बाजूचा डोळा गेला. पती आधीच वारलेले, पदरी दोन मुली. बऱ्या झाल्यावर त्या पुन्हा त्याच कारखान्यात रुजू झाल्या. त्या कशा झाल्या, पहिल्या दिवशी दारापाशी त्यांचे पाय कसे अडखळले आणि त्यांना आत कोणी नेले, एवढीच माझ्या कादंबरीची गोष्ट आहे. रविवारी मुलींच्या वेण्या घालता घालता त्यांनी ती प्रकरणामागून प्रकरण ऐकली. एका ठिकाणी रडल्या आणि एका ठिकाणी म्हणाल्या, "इतकी काही मी शहाणी नव्हती, शरयूताई. थोडी कमी शहाणी कर." मी केली.

३. कादंबरी स्वीकारल्याचे आपण कळवले तेव्हा मला आनंद झाला हे मी नाकारत नाही. मी घरात उभ्या उभ्या ते पत्र वाचले आणि चुलीवरची भाजी करपली. तो आनंद आपल्या कार्यालयाने फार दिवस टिकू दिला नाही. प्रथम आपण माझ्या पतीचे संमतिपत्र मागितले. मी अविवाहित असल्याचे कळवल्यावर वडिलांचे मागितले. वडील हयात नसल्याचे कळवल्यावर 'कुटुंबातील अन्य जबाबदार पुरुषाचे' मागितले. असा पुरुष म्हणजे माझा धाकटा भाऊ बंडू, ज्याला मी लहानाचा मोठा केला आणि ज्याने शाळा सुटल्यापासून वर्तमानपत्रातल्या क्रिकेटखेरीज काही वाचलेले नाही. त्याने संमती दिली. सही करताना विचारले, "ताई, हे काहून लागते?" मला उत्तर देता आले नाही. आपल्याला येत असल्यास कळवावे, त्याला सांगेन.

४. त्यानंतर पुस्तकाचे नाव बदलण्यात आले. 'पाळी' हा शब्द स्त्रीच्या पुस्तकावर बरा दिसत नाही, असे आपण मला समक्ष बोलावून, पंख्याकडे पाहत सांगितलेत. मी म्हटले की या शहरात अर्धे लोक रोज कोणती ना कोणती पाळी करतात आणि कोणी लाजत नाही. आपण पंख्याकडेच पाहत राहिलात. छापून आले तेव्हा कादंबरीचे नाव 'अंगणातील पणती' झालेले होते. मुखपृष्ठावर एक गोरीपान बाई तुळशीपुढे हात जोडून उभी. माझ्या नावामागे 'सौ.' लागलेले. चाळिशीच्या बाईमागे 'कुमारी' छापले तर वाचकांच्या मनात नको ते प्रश्न येतात, असा खुलासा आपल्याकडून मिळाला. 'सौ.' छापल्यामुळे जे प्रश्न आले ते शाळेतल्या बायकांनी मला विचारले. लग्न कधी झाले, कोणाला न कळवता का केले आणि ते काय करतात. मुख्याध्यापिकाबाईंनी तर नारळ व खण पाठवला.

पुस्तक पहिल्यांदा शकुला दाखवले तेव्हा तिने तुळशीच्या बाईकडे बराच वेळ पाहिले. "ही कोण?" म्हणाली. "तूच," मी म्हटले. ती इतकी हसली की तिच्या मुली धावत आल्या. मी हसू शकले नाही.

५. यानंतर आपण ज्यास 'लेखिकांच्या पुस्तकांची जोमदार प्रसिद्धी' म्हणता ती सुरू झाली. पत्रकावर 'स्वयंपाकघरातून साहित्याकडे' असा मथळा होता. प्रत्येक पुस्तकासोबत जवानांसाठी स्वेटर विणण्याचा नमुना मोफत होता. दुकानदाराने मला सांगितले की लोक नमुना ठेवून पुस्तक परत आणून देतात. आणि समारंभाच्या आदल्या दिवशी आपले लिपिक श्री. अंबादास माझ्या दारी आले. ते सज्जन आहेत, त्यांना मी दोष देत नाही; मान खाली घालून ते म्हणाले, "दीदी, साहेबांनी सांगितलं आहे, प्रत्येक लेखिकेनं घरून एक एक पदार्थ आणायचा. तुमच्याकडे चकली आली आहे. जरा जास्तच आणा जी, पाहुणे बरेच येऊन राहिले." ग्रंथमालेतल्या बाकी लेखिकांना काय आले ते मी विचारले. एकीला करंज्या, एकीला शेव. कवितासंग्रहवालीला, ती वयाने लहान असल्यामुळे, फक्त रांगोळी.

मी चकल्या केल्या. त्या आपण खाल्ल्यात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण त्या दिवशी माझी जी एकच गोष्ट आपण पुरी संपवलीत ती तेवढीच.

६. आता 'अशोभनीय प्रकार'. समारंभास मी शकुला नेले होते. तिने निळे लुगडे नेसले होते आणि पदर चेहऱ्यावर ओढून घेतला होता. मी तो मागे सारायला लावला. ती दुसऱ्या रांगेत बसली. आपण भाषणास उभे राहिलात आणि माझ्या कादंबरीविषयी सांगू लागलात की, युद्धकाळात पती कारखान्यात रात्रपाळीला गेला असता अंगणात पणती लावून त्याची वाट पाहणाऱ्या एका शालीन गृहिणीचे हे हळुवार चित्रण आहे. महोदय, माझ्या कादंबरीत पती पहिल्या पानावर मेलेला आहे. वाट पाहणारे कोणी नाही. अंगणही नाही, गोहलपुरातल्या खोल्यांना अंगणे नसतात, हे आपण कधी तिकडे आला असता तर दिसले असते.

मी मंचावर होते. खाली पाहून ऐकत होते. आपल्या 'हळुवार' या शब्दानंतर शकु उभी राहिली. ओरडली नाही. शाळेत मुलगी उत्तर द्यायला उभी राहते तशी उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, ती वाट नाही पाहत. तीच जाते पाळीवर. मीच ती."

आपण तिच्याकडे पाहिलेत. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलेत, आणि ध्वनिक्षेपक तोंडासमोरच असल्याचे विसरून शेजारच्या पाहुण्यांना म्हणालात, "या अशा बाईला आत कोणी घेतलं?" ते सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेले. शकुने पदर पुन्हा ओढून घेतला. तो पदर मागे सारायला मला दोन वर्षे लागली होती, महोदय.

मी उठले, ध्वनिक्षेपकापाशी आले आणि "यांना मी आत घेतलं" एवढे म्हणाले. पुढे मला कादंबरी काय आहे ते सांगायचे होते. आपण पेटीवाल्याला खूण केलीत आणि राष्ट्रगीत सुरू झाले. भाषण चालू असलेल्या लेखिकेला गप्प करण्यासाठी राष्ट्रगीत वापरण्याची कल्पना, निदान माझ्या माहितीत, आपलीच. मी ताठ उभी राहिले. शकुही राहिली. तिच्या कारखान्यातली माणसे त्या गीतासाठी हातपाय गमावून बसली आहेत. तिच्याइतके ताठ त्या सभागृहात कोणी उभे नव्हते. गीत संपल्यावर मी मंचावरून उतरले आणि आम्ही दोघी बाहेर पडलो. प्रकार एवढाच.

७. यापुढचे आपल्याला ठाऊक आहे, कारण ते आपणच केले. आपण शकुच्या कारखान्याला पत्र लिहिलेत की, सदर स्त्री कर्मचाऱ्याने युद्धामुळे पुकारलेल्या आणीबाणीच्या काळात संरक्षण कारखान्यातील पाळ्यांविषयी जाहीर सभेत माहिती उघड केली. या शहरात पाळ्यांविषयीची माहिती कारखान्याचा भोंगा दररोज उघड करतो; वारा बरा असला तर शहराबाहेर पनागरच्या भाजीवाल्यांनाही. परंतु पत्र विद्यापीठाचे, त्यावर शिक्का, त्यात 'सुरक्षा' हा शब्द. चौकशी होईपर्यंत शकुला कामावर येऊ नको असे सांगण्यात आले आहे.

भोंगा झाला की ती अजून उठते. डबा भरते. मग आठवते आणि तो डबा मुलींना वाटून देते.

८. मी आपल्या बंगल्यावर आले होते, हे आपण विसरला नसाल. आपण मला व्हरांड्यात बसवलेत. मी विनंती केली की शिक्षा करायची तर मला करा. पुस्तक मागे घ्या, गोदामात टाका, रद्दीत द्या. आपण म्हणालात, "बाई, मला कोणाचं वाईट करायचं नाही. तुम्ही लेखिका आहात. माफीच्या दोन ओळी लिहायला तुम्हाला काय जातंय? त्या द्या, मी कारखान्याला गैरसमज झाल्याचं कळवतो." आपल्या चेहऱ्यावर रागही नव्हता. आपण खरोखरच समजत होतात की मला काही जात नाही. त्या क्षणापर्यंत मी आपल्याला दुष्ट समजत होते. तसे समजल्याबद्दल खेद आहे. दुष्ट माणूस समोरच्याकडे निदान नीट पाहतो.

९. घरी येऊन मी हे शकुला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "माफी मागशील तर बघ. मी चूक काय बोलली होती, सांग? माझ्यासाठी त्या माणसापुढे वाकली, तर माझ्या दारात येऊ नको." मी म्हटले, मुलींचे काय? ती म्हणाली, "मुलींनी पाहिलं आहे न, त्यांची आई उभी राहिली ते." आणि ताट घेऊन आत गेली. आम्ही त्यानंतर नीट बोललेलो नाही. तिची नोकरी माझ्या कादंबरीपायी जात आहे, आणि ती मला धीर देते, हे मला सोसवत नाही.

१०. तरी आता माफी. आपण मागितल्याप्रमाणे लिहीत आहे :

"समारंभातील माझ्या वर्तनाबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे. श्रीमती शकुंतला खापरे या माझ्या आग्रहावरून आल्या व माझ्या सांगण्यावरून बोलल्या. त्यांचा काहीही दोष नाही."

दोन ओळी झाल्या. शकुला मी आणले आणि तिचा दोष नाही, एवढे सोडले तर यातला एकही शब्द खरा नाही. कादंबऱ्या लिहीत असल्यामुळे न घडलेले घडल्यासारखे लिहिण्याची मला सवय आहे. मात्र आजवर लिहिलेल्यात इतके वाईट वाक्य हे पहिलेच. आपल्याला ते आवडेल अशी खात्री आहे.

११. सबब विनंती की :

(अ) कारखान्यास पाठवलेली तक्रार लेखी मागे घ्यावी व त्या पत्राची नक्कल मला द्यावी. आपल्या तोंडी शब्दावर मी विसंबणार नाही.

(आ) सदर माफी समितीत वाचावी, कपाटात ठेवावी, हवी तर चौकट करून खुर्चीमागे लावावी. परंतु ती वर्तमानपत्रात देऊ नये. शकु रोज संध्याकाळी माझ्याकडचे वर्तमानपत्र एका डोळ्याने शेवटपर्यंत वाचते. तिला कळले तर ती स्वतः आपल्या कार्यालयात येईल आणि मी लिहिलेले सगळे खोटे आहे असे सांगेल. तिला तसे करता येते. मला आज करता येत नाही.

(इ) पुस्तकाचे काय करायचे ते आपण ठरवावे. त्याबाबत माझी कोणतीही विनंती नाही.

या अर्जापुरतीच आपली नम्र,

शरयू हरकरे
(कुमारी)

गोहलपूर, जबलपूर
दिनांक ६ डिसेंबर १९६५

सोबत :
१. माफीनामा, वेगळ्या कागदावर, सहीसह.
२. कादंबरीची एक प्रत. समारंभात आपणांस भेट दिलेली ही प्रत आपण मंचावरच ठेवून गेला होता, श्री. अंबादास यांनी ती मला आणून दिली. पाने अद्याप न कापलेली, कडेला जोडलेलीच आहेत. सुरी आपल्याकडे असेलच.