दक्षिणेस तारेचे कुंपण

उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मला चांदीच्या मुखवट्याच्या चोरीच्या आरोपातून निर्दोष सोडले, हे काल दुपारी माझ्या वकील मनस्विनी कायगावकर यांनी फोनवर कळवले. निकालाची प्रत आज सकाळी हाती आली. ती दोनदा वाचली आणि मगच हे मृत्युपत्र लिहायला घेतले. चोर म्हणून मला मागे काहीही ठेवून जायचे नव्हते.

मी, श्रीधर रंगनाथ टाकळीकर, वय त्र्याहत्तर, राहणार बेगमपुरा, धंदा अर्जनवीस. म्हणजे कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज, खरेदीखते, मृत्युपत्रे लिहून देतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. झोप पुरी झाली आहे, पोहे खाल्ले आहेत, दार उघडे आहे, आणि काय लिहायचे ते मला कोणी सांगत नाही. एरवी मृत्युपत्रात हे लिहीत नाहीत. मला लिहावे लागते, कारण एप्रिल २०१८ मध्ये यांतले काहीच नसताना मी एक कागद लिहिला होता.

कलम १. तो कागद. दौलताबादजवळच्या एका देवस्थानातून देवीचा मुखवटा चोरीला गेला. देवस्थानची कागदपत्रे मी लिहीत असे, कपाट मला ठाऊक होते; एवढ्यावर नऊ तारखेला मला ठाण्यात नेले. मारले नाही. तीन दिवस बसू दिले नाही. डोळा लागला की टेबलावर काठी आपटायचे. मग बारा तारखेला एक साहेब चहा घेऊन आले.

"काका, तुमच्या विश्वजितनंच जबाब दिलाय. बाबांनी मुखवटा घरी आणला व्हता म्हणे. आता काकूंना पण आणायचं का इथं?"

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला.

"अहो, जगाची मृत्युपत्रं लिहिली तुम्ही. एक पान सोताचं लिहा. लगेच जामीन."

माझ्याच मुलाने सांगितले म्हटल्यावर लढायचे कोणासाठी? मी पेन उचलले. ते सांगत गेले : मुखवटा कडुबा गायकेच्या शेतात पुरला, जागा दाखवतो. इथे माझा धंदा आडवा आला. जागेच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहिल्याशिवाय मला कागद पुरा वाटत नाही. मी विचारले, "पूर्वेस काय?" विहीर. उत्तरेस बांध, पश्चिमेस रस्ता. "आणि दक्षिणेस?"

"तारेचं कुंपण. लई खोलात शिरता राव तुम्ही!"

अक्षर नेहमीसारखे वळणदार आले. त्या कागदावरूनच मुखवटा सापडला, असे पोलिसांनी दाखवले. खालच्या कोर्टाने म्हटले, इतका बारकावा गुन्हेगारालाच माहीत असणार. त्यापायी मी चौदा महिने तुरुंगात काढले.

शेताचे मालक कडुबा गायके यांनी साक्षीत तेव्हाच सांगितले होते, "दहा तारखेला पोलिसांनी रान उकरलं, कांदा तुडवला. म्हणून अकराला मी तार ओढली." म्हणजे मुखवटा पोलिसांना माझ्या कबुलीआधीच सापडला होता, आणि मी कोठडीत गेल्यानंतर उभे राहिलेले कुंपण माझ्या कबुलीत आले होते. ते वाक्य सात वर्षे पडून होते. मनस्विनीताईंनी ते उचलले.

कलम २. माझे स्वकष्टार्जित घर पत्नी उमा हिला. पूर्वेस बोळ, पश्चिमेस मशिदीची भिंत, उत्तरेस चंपाबाईंचे घर, दक्षिणेस लिंब. चारही बाजू आज स्वतः फिरून पाहिल्या.

कलम ३. टाइपरायटर आणि लिहिण्याची पेटी शेजारी बसणाऱ्या मोनालीला. अट एकच : वाचून दाखवल्याशिवाय कोणाची सही घ्यायची नाही, मग समोरचा कितीही घाईत असो.

कलम ४. त्या साहेबांना निकालाचे बारावे पान, कुंपणाच्या ओळीखाली रेघ मारून, टपालाने पाठवावे. पोचपावती घ्यावी. चहाची परतफेड झाली.

कलम ५. विश्वजितला काही नाही.

त्याने जबाब दिलाच नव्हता. ते मला तुरुंगात कळले. पण माझी कबुली वाचून तो उमाला म्हणाला, "आई, ही भाषा बाबांचीच आहे. दुसऱ्या कोणाला असं लिहिता येत नाही." तेव्हापासून तो पुण्याला आहे, घरी आलेला नाही. मीही पोलिसांचे ऐकून त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. तेवढी चूक माझी.

आमच्या धंद्यात रिवाज आहे, ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार करत नाहीत. विश्वजितला वाटा नाही, म्हणून साक्षीदार तोच. तो आला नाही तर मी दुसरा घेणार नाही. दोन साक्षीदारांवाचून हा कागद रद्दी आहे, आणि मग माझ्यामागे एकुलता मुलगा म्हणून कायद्याने अर्धे घर त्याचे होईल. फसवून सही घेतली असे होऊ नये म्हणून हे सर्व त्याला फोनवर पाठवले आहे.

उमाला विचारले. ती म्हणाली, "जाऊ द्या अर्धं घर. पोरगं कसं निघालं ते तरी कळंल."

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर. दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५.

सही : श्रीधर रंगनाथ टाकळीकर

साक्षीदार १ : कडुबा भिकन गायके, शेतकरी. मला वाचून दाखवलं. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २ : जागा सोडली आहे. विश्वजित फोनवर "बघतो" म्हणाला. उद्या अकरापर्यंत मी ओट्यावर बसेन. तो आला तर वरच्या सहीवर बोट ठेवून सांगेन, ही माझी आहे, आणि ती मी माझ्या मनाने केली आहे.