अनुपमाची ओटी

बुधवार, ५ नोव्हेंबर १९८६
गोव्याच्या बोटीवर, दुपार

"ओटी भरली म्हणजे परत यायची वाट बांधून दिली तुला, प्रेमा. कधीही ये, दार लोटलेलंच असेल." लग्नानंतर पहिल्यांदा सासरी निघाले तेव्हा आई म्हणाली होती. आज बोटीने भोंगा दिला, भाऊचा धक्का मागे सरकायला लागला आणि का कोण जाणे, तेच वाक्य आठवलं. मला पोचवायला कुणी आलं नव्हतं. मीच येऊ दिलं नाही.

शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी एकटी फिरायला निघाले आहे. लग्नाला नाही, दहाव्याला नाही, नुसतीच फिरायला. शाळेला दिवाळीची सुट्टी आहे. हे दरवर्षी म्हणायचे, यंदा तुला बोटीने नेतो, वर डेकवर खुर्ची टाकून बसू. मग गिरणीचा संप आला, मग ह्यांचं दुखणं, मग हे गेले. खुर्ची राहिलीच. आज ती मी स्वतः मागून घेतली आणि ऐटीत बसले.

शेजारी एक कोळीण बसली आहे, सोनूबाई, खारदांड्याची. नणंदेकडे चालली आहे. तिने आल्या आल्या विचारलं, घरवाला कुठाय? मी म्हटलं, गेले. ती म्हणाली, "मंग बरा हाय बाय, खुर्ची एकच लागंल." मी इतकी हसले की पलीकडचा माणूस वर्तमानपत्रातून डोकं काढून बघायला लागला. तिने मला तळलेला बोंबील दिला, मी तिला चकली.

केबिनमध्ये दोन बर्थ आहेत. वरचा रिकामा. वाटलं, काय हे राजेशाही.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी. येताना खुंटीवरची कापडी पिशवी जशी होती तशी उचलून आणली आहे. तिच्यात नारळ आहे, समुद्राला द्यायला. पण नारळाबरोबर हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, कुंकवाची पुडी, सगळं आहे. मागच्या महिन्यात मुलुंडला माझ्या लेकीचं, अनुपमाचं डोहाळजेवण झालं, तिच्या सासरी. मी सगळं घेऊन गेले होते. विहीणबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, तुम्ही बसा हो आरामात, ओटी तिची आत्या भरेल. विधवेचा हात नको, असं कुणी म्हणालं नाही. म्हणायला लागतच नाही. मी बसले आरामात. अनुपमाने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

ती पुढच्या गुरुवारी येणार आहे माझ्याकडे, मरोळला, बाळंतपणासाठी. पहिलं बाळ माझ्या घरी होणार. तोवर हे चार दिवस माझे.

त्याच दिवशी, दिवेलागणीनंतर

आज मला फार बरं वाटतं आहे.

सूर्य बुडाला तेव्हा सोनूबाई चहाला खाली गेली होती. लोखंडी शिडीजवळ, कठड्याला धरून एक पोटुशी मुलगी उभी होती. अनुपमाएवढीच. तिच्यापेक्षाही वाळलेली. लुगड्याचा काठ ओला होता. नाव विचारलं तर जानकी म्हणाली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी चालली आहे, मधल्या बंदरात उतरणार. सासूशी भांडण झालं आणि रिकाम्या ओटीने निघावं लागलं, असं म्हणाली. मग एकदम माझा हात धरून म्हणाली, "माझी ओटी भरशात गे?"

मी तिला माझं मोकळं कपाळ दाखवलं. म्हटलं, अगं, माझा हात चालत नाही.

ती म्हणाली, "तुमी आवस असात ना? मगे झालां."

आई आहात ना, मग झालं. तीन वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. हळदीकुंकवाला शेजारच्या मालनकडे जाते तेव्हासुद्धा मी स्वयंपाकघरात चहा गाळत उभी असते.

मी पिशवी उघडली. तिला कुंकू लावलं, कपाळ गार होतं, वाऱ्याने असेल. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण आणि वर नारळ, सगळं तिच्या पदरात घातलं. समुद्राचा नारळ तिलाच दिला. तिनेही रीत पाळली, ओटीतले चार दाणे परत माझ्या हातावर ठेवले. मी बोलून गेले, आपण बोलतोच तसं: सुखरूप मोकळी हो, आणि ये गं घरी. तिने विचारलं, घर कुठे? मी मरोळ म्हटलं, चाळीचं नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून बघितलं.

मग पदर पोटाशी धरून ती शिडीने खाली गेली. सोनूबाई वर येत होती. शिडी अरुंद आहे. पण सोनूबाईने अंग चोरलं नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
पणजी

सकाळी उतरले. नदीचं रुंद पाणी, पांढरी देवळं, कौलं. सुंदर आहे सगळं.

उतरताना सोनूबाईला म्हटलं, ती पोरगी कधी उतरली गं? मला कळलंच नाही. तिने विचारलं, कोण पोरगी? मी सांगितलं. ती म्हणाली, मी शिडीवरून आले तेव्हा तू कठड्याशी एकटी उभी होतीस, आणि पिशवीतला नारळ काढून पाण्यात टाकलास. तांदूळही टाकलेस. मला वाटलं, पूजा करतेय मास्तरीण. "कोनाशी बोलत व्हतीस गो बाय?"

आणि बोट मधे कुठल्याच बंदराला लागली नाही, असंही ती म्हणाली. ते थांबे कधीच बंद झाले.

मी हसण्यावारी नेलं. तिने नेलं नाही. जाताना तिने मला बोंबील दिला नाही, नुसता हात दाबला.

जानकीने परत दिलेले तांदळाचे दाणे रुमालात बांधले होते. भिजून फुगले आहेत. रुमाल कोरडा आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर
परतीच्या बोटीवर

देऊळ, किनारा काही नीट बघितलं नाही. दोन दिवस घरी जायचं एवढंच डोक्यात.

वरच्या बर्थवरची गादी ओली आहे. बोटीवरच्या माणसाला बोलावलं. त्याने गादी बदलली. तासाने तीही ओली.

चार वाजता जानकी डेकवर आली. भर उन्हात. हिरव्या खणाची चोळी अंगात. इतक्यात शिवून झाली? तिच्या पायाखालची फळी काळी पडत होती, बाकी सगळा डेक उन्हाने तापलेला. ती माझ्या खुर्चीशी खाली बसली, गुडघ्यावर हनुवटी ठेवून, अनुपमा बसते तशी. किनाऱ्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. आवाज अगदी साधा होता. तिकडे खाडी आहे. बोट लांब थांबायची आणि उतारू होडीत उतरायचे. ती उतरली. लाट आली. होडी उलटली. बाकीचे सापडले.

ती माहेरी गेली होती म्हणे, तशीच. दार वाजवलं. आई आधीच वारली होती. भावजयीने दार उघडलं, समोर कुणी दिसलं नाही, तिने लावून घेतलं. तेव्हापासून ती बोटीवर बायकांना विचारते. सवाष्णी घाबरतात. पोटुशीची ओटी अनोळखी ठिकाणी भरत नाहीत.

मग ती म्हणाली, "तुमी भरलात."

आणि माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. जड होतं.

रविवार, ९ नोव्हेंबर
मरोळ

घरी आले. धक्क्यावर मागे वळून बघितलं नाही.

जिना चढत होते तर शेजारची मालन वरूनच ओरडली, "काय गं, लेक यायची आणि तू गोव्याला? वाट लागली बिचारीची. पहाटेपासून दाराशी बसलीय." मालन म्हणाली, माझ्याकडे बस म्हटलं तर मान हलवेना. पाठमोरीच. केस मोकळे सोडून गॅलरीत वाळवत होती. आणि अनुपमाचे केस कधी एवढे वाढले?

दाराशी कुणी नव्हतं. उंबऱ्याच्या खाली पाणी होतं. बोट लावून चाखलं. खारट.

मी कुलूप काढलं. दार उघडून आत जाईपर्यंत मागे वळले नाही. मग वाटलं, मी दार उघडलं. तिच्यासाठी दार मीच उघडलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

मालनकडे अनुपमाचा फोन आला. रडत होती. बाळ बुधवारपासून हललेलं नाही. बुधवारी दिवे लावायच्या वेळी शेवटची लाथ मारली, मग नाही. डॉक्टर म्हणतात ठोके लागतात, पण फार लांबून येतात.

बुधवारी. दिवे लावायच्या वेळी.

ती ओटी अनुपमाची होती. नारळ, खण, सगळं तिच्या नावाने आणलेलं. मी उचलून दुसरीच्या पदरात घातलं. लेकीची जागा दिली. त्याबरोबर आणखी काय दिलं?

घरात ती आहे. चुलीपाशी बसते. भात शिजला की पातेलं रिकामं. पोट वाढलं आहे, एका रात्रीत. मला आई म्हणते. वाईट नाही वागत. तेच जास्त —

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळीच खारदांड्याला गेले. नवा नारळ, नवा खण घेऊन. सोनूबाई कालच परत आली, दारात सुकट पसरत होती. मला बघून तिचा हात थांबला. मी पाय धरले. ती चिडली. "मला काय इचारतंस? मी काय भगत हाय?"

मग माझ्या खांद्यामागे बघत राहिली. आता तिलाही दिसत होती.

म्हणाली, ओटी भरलीस म्हणजे ती तुझी लेक झाली, आणि लेकीला घराबाहेर काढता येत नाही. दुसरा नारळ देऊन भागणार नाही. ओटी तिनेच तिच्या हाताने परत द्यायला हवी. "पन कोन देल गो? तू दिली असतीस?"

बसमध्ये माझ्या शेजारची सीट ओली होती. कुणी बसलं नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

अनुपमाला फोन केला. म्हटलं, येऊ नकोस. मुलुंडलाच राहा. तिथेच बाळंत हो. कारण विचारलं, काय सांगू? घराला ओल आली आहे म्हटलं.

ती म्हणाली, "ओटी भरू दिली नाही म्हणून राग आहे ना तुझा? मला कळत नव्हतं का गं? मला तुझ्याच हातची हवी होती." म्हणाली, मला फार भीती वाटते आहे, मला तुझ्याजवळ यायचं आहे. तिचा नवरा हरेश्वर तिला उद्या टॅक्सीने आणतो आहे.

मी नाही नाही म्हणत राहिले. फोन ठेवलेला होता.

परत आले तर ती पलंगावर. अनुपमासाठी घातलेली चादर अंगावर. पोटावर हात. आतून लाथ बसली, चादर हलली. मी बघितली.

ती हसली. माझ्याकडे बघून. आईला दाखवावं तसं —

गुरुवार, १३

कडी आतून लावलेली. मी नाही लावली.

ती दाराला पाठ टेकून बसली आहे. ओटी दोन्ही हातांनी धरून. नारळ अजून ओला. पोट पूर्ण भरलेलं. आज, उद्या —

तिला ओढून बघितलं. हलत नाही. समुद्र ओढावा तसं.

टॅक्सी. मालनचा आवाज, ही तर आधीच आलेली ना, मग ही कोण?

अनुपमा जिन्यात. पायरी पायरीला थांबते आहे. दम —

दार वाजलं. "आई, उघड ना गं." आतून तिनेही म्हटलं, आई.

माझ्या तोंडून आवाज निघत नाही. लिहिते आहे. वही तिच्यासमोर धरते. तिला वाचता येतं की नाही —

जानकी, बाळा, ओटी कुणी परत मागत नाही. मागितली तरी लेक देत नाही, मला माहीत आहे. माझ्या आईने मागितली असती तर मीही दिली नसती. तू इथेच राहा. जन्मभर राहा. तुला काढणार नाही. पण ती ओटी अनुपमाची आहे गं. हा बघ, मी पदर पसरला आहे. तुझ्या हाताने यात —