हुग्गीची वाटी आणि माझा स्वभाव

मी, सुकन्या चन्नबसप्पा बिराजदार, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसाय संस्कृतचे अध्यापन, राहणार लातूर, आज मंगळवारी स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. माझी स्मृती शाबूत असून बुद्धी स्थिर आहे. कोणाचा दाब, धाक वा लाडीगोडी माझ्यावर चाललेली नाही. लाडीगोडी झाली, ती चालली नाही. तिची हकीकत पुढे येईल. एप्रिलमध्ये माझ्या हृदयाच्या नळ्यांत दोन स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टरांनी बुद्धी ठीक असल्याचा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. स्वभावाचा दाखला मी मागितला नाही. तसले दाखले माझ्याकडे गठ्ठ्याने आहेत.

मी अविवाहित आहे. आई-वडील हयात नाहीत. मागे धाकटा भाऊ गुंडप्पा आणि त्याच्याहून धाकटी बहीण अयोध्या. गुंडप्पा निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावी शेती पाहतो. अयोध्या देगलूरला अंगणवाडी सेविका आहे आणि लेकीसह भाड्याच्या खोलीत राहते. वडील गेल्यापासून ही दोघे एकमेकांशी बोललेली नाहीत.

कलम १. आधी गठ्ठ्याविषयी, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आमच्या महाविद्यालयात संस्कृतला विद्यार्थी कमी आणि समोरच्या मानसशास्त्र विभागात गर्दी. त्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येकाने एक प्रयुक्त आणायचा असतो, म्हणजे ज्याच्यावर चाचणी करायची तो माणूस. ज्याचा प्रयुक्त ऐन वेळी पळाला, त्याला विभागप्रमुख धम्मप्रिया सोनकांबळे माझ्या वर्गावर पाठवीत. पहिला आला तो हनुमंत केंद्रे, जो आता किल्लारीला शिक्षक आहे.

"मॅडम, मावसभाऊ येतो म्हनला अन् फोन बंद करून बसलाय. तुमी बसा की."

"माझा तास आहे."

"तासाला कोण हाय, मॅडम?"

मी मागे वळून पाहिले. कोणी नव्हते. मी जाऊन बसले, आणि त्यानंतर दर वर्षी बसत आले. प्रत्येक अहवालाची एक प्रत मी ठेवून घेतली, तोच हा गठ्ठा.

त्यामुळे माझ्याइतके मोजले गेलेले माणूस लातूर जिल्ह्यात दुसरे नसावे. एका वर्षी मी अंतर्मुख निघाले, पुढच्या वर्षी बहिर्मुख. मधे फक्त एक स्नेहसंमेलन झाले होते. शाईच्या डागात मी एकदा वटवाघूळ पाहिले तर परीक्षार्थीने दबलेली भीती लिहिली. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीला त्याच डागात दोन बायका भांडताना सांगितल्या, तर तिने दबलेला राग लिहिला. दबलेले काहीतरी असणारच, याबद्दल दोघांचे एकमत होते. इदम्, अहम् आणि पराहम् हे मनाचे तीन भाग पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझ्याच विभागातून कोणी सामान उचलून नेल्यासारखे वाटले. पाच घटकांच्या प्रश्नावलीत माझे सौजन्य कधी आभाळाला टेकले, कधी जमिनीला. जमिनीला टेकले त्या दिवशी उपवास होता.

मी धम्मप्रियाला विचारले, "यातली खरी मी कोणती?"

ती म्हणाली, "सगळ्या. चाचणी 'त्या दिवसाची तू' सांगते. 'जन्माची तू' सांगते म्हणणारा एक तर अडाणी असतो, नाही तर त्याला तुझ्याकडून काहीतरी पाहिजे असतं."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले. आता ते मृत्युपत्रात घालते आहे.

कलम २. गुंडप्पाचा मुलगा चि. महांतेश हैदराबादला एका कंपनीत माणसे निवडण्याचे काम करतो. मी दवाखान्यातून घरी आल्यावर तो संत्री आणि मोबाईल घेऊन भेटायला आला. म्हणाला, "आत्या, पडल्या पडल्या एक गंमत करू." मोबाईलवर प्रश्न होते. मी उत्तरे दिली. तब्येत बरी नसताना नाही म्हणायचाही कंटाळा येतो. शेवटी चार इंग्रजी अक्षरे उमटली.

"बघ, तू रक्षक प्रकारची आहेस. सोळा प्रकारांतला हा सगळ्यात चांगला. अशी माणसं स्वतःसाठी काहीच ठेवत नाहीत."

"आणि तू कोणत्या प्रकारचा?"

"मी नेता प्रकारचा."

मग नेत्याने पिशवीतून या घराचे बक्षीसपत्र काढले. गुंडप्पाच्या नावे, टंकलिखित, माझ्या सहीची जागा पेन्सिलीने खूण केलेली. दुय्यम निबंधकांकडे परवाच्या, येत्या गुरुवारची वेळही घेतली होती. दारात गुंडप्पा उभा होता. तो म्हणाला, "अक्का, तुजा सोभावच देनाऱ्याचा. आम्ही काय आज ओळखून ऱ्हायलोय का तुला."

गुरुवारी मी येणार नाही. घेतलेली वेळ महांतेशने स्वतःच्या काही कामासाठी वापरावी.

धम्मप्रियाच्या गंभीर प्रश्नावल्यांत काही वाक्ये सापळा म्हणून पेरलेली असतात. 'मी आयुष्यात कधीही कोणाचा हेवा केला नाही' याला तुम्ही हो म्हणालात, की तपासणारा समजतो, हा माणूस चांगला दिसण्यासाठी उत्तरे देतो आहे. तिला असत्य-मापिका म्हणतात. महांतेशच्या मोबाईलात ती नव्हती. आमच्या घरातही कधी नव्हती.

सबब माझ्या सर्व प्रात्यक्षिकांच्या प्रती, मूळ गाठीसह, चि. महांतेश यास देण्यात याव्यात. माझ्या पश्चात 'आत्याचा स्वभाव असा नव्हता, तिला कोणीतरी फितवले' असे कोर्टात म्हणायचे झाल्यास त्याने आधी यातली कोणती आत्या ते निवडावे.

कलम ३. आता माझ्या देणाऱ्या स्वभावाचा उगम. बालपणीच माणूस घडतो असे एक मत आहे. माझ्यापुरते ते खरे आहे. मी हुग्गीच्या एका वाटीत घडले.

हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, भरपूर गूळ घालून. आमच्याकडे सणाला तीच. पंगतीत मी मधे, उजवीकडे गुंडप्पा, डावीकडे अयोध्या. मला हुग्गीने मळमळायचे, अजूनही मळमळते. एका सणाला मी माझी वाटी उजवीकडे सरकवली. आई वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "बगा, लेकरू भावाला देऊन टाकलं. गुनाची पोर हाय माजी." सगळी पंगत माझ्याकडे पाहू लागली. पुढच्या सणाला मी पुन्हा सरकवली. हुग्गी नकोच होती आणि कौतुक हवे होते. वर्तनवादी याला प्रबलन म्हणतात: केल्याबद्दल बक्षीस मिळाले की ते पुन्हा होते. उंदरांवर हा प्रयोग झालेला आहे. माझ्यावर घरीच झाला.

पुढे मी स्कॉलरशिपचे पैसे दिले, पहिला पगार दिला, गुंडप्पाच्या लग्नात बांगड्या दिल्या. दर वेळी तीच पंगत माझ्याकडे पाही. गरजांची एक उतरंड मानसशास्त्रात सांगतात, खाली अन्न-निवारा आणि सर्वांत वर स्वतःचे फुलणे. आमच्या घरात माझ्या उतरंडीच्या सगळ्या मडक्यांत हुग्गीच भरलेली होती.

कलम ४. वडील गेल्यावर गुंडप्पाने आम्हा दोघी बहिणींना हक्कसोड पत्रावर सह्या करायला निलंग्याला नेले. मी सही केली. मला शेत कसायचे नव्हते. त्याबद्दल आजही तक्रार नाही. कागद अयोध्येपुढे गेला, तेव्हा तिने लेखनिकाला म्हटले, "जरा वाचून दाखवा."

"इस्वास न्हाई का माज्यावर?" गुंडप्पाने विचारले.

"हाय की. वाचल्यानं कमी व्हतोय का?"

लेखनिकाने वाचले. तिने नीट ऐकले आणि पेन माझ्यापुढे ठेवून दिले. "मला न्हाई करायची, दादा. ऱ्हाऊ द्या माजं नाव."

आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. त्या दिवसापासून ती भांडखोर. तिला सणाला बोलावणे नाही, महांतेशच्या लग्नाची पत्रिका नाही. तिचा नवरा गेला तेव्हा गुंडप्पा देगलूरच्या दारापर्यंत गेला, मातीला हजर राहिला आणि तिच्याशी एक शब्द न बोलता परतला. एका कचेरीत, एका टेबलावर, एका निरीक्षणावरून एका बहिणीचा कायमचा स्वभाव ठरला. धम्मप्रियाने असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला नापास केले असते.

कलम ५. अंत्यविधी. माझे इष्टलिंग माझ्या हातात ठेवून मला आमच्या रीतीने माती द्यावी. नंतरची शिवगणाराधना, म्हणजे स्मरणाचे जेवण, साधी करावी. पंगतीला हुग्गी करू नये. मी तेव्हा खाणार नाही हे मला कळते. तरीही करू नये.

कलम ६. संस्कृतची पुस्तके महाविद्यालयास द्यावीत, उघडतील या आशेने. स्कूटी अयोध्येची लेक साखराबाई हिला द्यावी. पणजीचे नाव चालवता चालवता पोर दमली आहे, तिने आता गाडी चालवावी. बँकेतील ठेव अयोध्येस. धम्मप्रियाला काहीतरी द्यायचे मनात होते, पण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असा अॅड. राजकन्या सूर्यवंशी यांचा आग्रह. तिला मी आजवर भरपूर प्रयुक्त पुरवला आहे. तेवढ्यावर तिने भागवावे.

आईचे हुग्गीचे पितळी पातेले माझ्याकडे आहे. ते भाऊ गुंडप्पा यास. रागाने देत नाही. त्याला हुग्गी खरोखर आवडते, आणि माझ्या वाटणीची त्याने कधी मागितली नव्हती, मीच सरकवली होती. यापुढे आपली आपण करून घ्यावी.

कलम ७. राहते घर. लातुरातील औसा रस्त्यालगतचे, माझ्या पगारातून बांधलेले हे दोन खोल्यांचे घर, अंगण, पाण्याची टाकी आणि कढीपत्त्याच्या झाडासह, मी माझी बहीण अयोध्या हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. गुंडप्पा, महांतेश वा अन्य कोणाचा त्यावर हक्क राहणार नाही.

हे तिला काल फोनवर सांगितले.

"अक्का, नगं मला घर. दादा म्हनंल, मी तुज्या कानाला लागले."

"म्हणणारच. लागलीस का?"

"न्हाई."

"मग झालं तर. तो म्हणेल, अक्काचा स्वभाव असा नव्हता. मला स्वभावच दिला होता त्यांनी. घर मी बांधलंय."

मग मी तिला हुग्गीचे सांगितले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला सांगत होते. तिकडून आधी हसू आले, मग हसू थांबले.

"तुला आवडतच न्हवती?"

"कधीच नाही."

"मग माज्याकडं कामून सरकवली न्हाईस गं? मला लई आवडायची. मी डाव्या बाजूलाच बसायची की."

डावीकडे पाहायचे मला सुचले नव्हते, कारण कौतुक उजवीकडून येत होते. म्हणून कायद्याच्या भाषेत, कोणताही संदिग्धपणा न ठेवता, लिहून ठेवते: या वेळी वाटी डावीकडे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अॅड. राजकन्या सूर्यवंशी यांनी करावी. प्रात्यक्षिकाच्या शेवटी 'प्रयुक्ताचे अंतर्निरीक्षण' असा एक रकाना असतो. चाचणी देताना काय वाटले ते प्रयुक्ताने सांगायचे. परीक्षकांना आवडते म्हणून विद्यार्थी माझ्या नावावर दर वर्षी एकच ओळ उतरवीत, मला न विचारता. आज तीच ओळ त्या रकान्यात मी स्वतः भरते.

छान वाटले.

(सही) सुकन्या चन्नबसप्पा बिराजदार

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना वरील सही त्यांनी आमच्यासमोर केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. सही करताना त्या कोणाच्याही प्रभावाखाली नव्हत्या. आमच्या तर कधीच नव्हत्या.

साक्षीदार :
१. (सही) धम्मप्रिया सोनकांबळे, लातूर
२. (सही) हनुमंत केंद्रे, किल्लारी

स्थळ : लातूर
दिनांक : १७ जून २०२५