छावणीतलं फ्रेश दूध

४ मार्च २०१३, सोमवार

फ्रेश! फ्रेश! फ्रेश! डेअरीच्या राधाकिशन सुपरवायझरनं आज हा शब्द वीसदा तरी म्हटला असेल. "मावशी, दूध फ्रेश पायजे. रोज पन्नास लिटर, सलग सात दिवस. मंग तुमच्या बायकांच्या संस्थेला संकलन केंद्र मंजूर. एक दिवस चुकला की मोजणी पहिल्यापासून!"

दुष्काळानं काही दिलं असेल तर हेच. नेकनूरच्या आसपासच्या वाड्यांची जनावरं चारा छावणीत एका दावणीला आली, आणि ज्या बायकांनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं त्या एका बाजेवर बसून संस्था काढायला लागल्या. माप घेणार छबुबाई. उद्यापासून सुरू!

५ मार्च

चोपन्न लिटर! पहिला दिवस पार.

डिक्शनरी काढली. चौसाळ्याच्या बाजारात रद्दीत मिळालेली. मराठी मी किराण्याच्या पुड्यांवर शिकले, इंग्रजी डब्यांवर. वाटलं होतं, फ्रेश म्हणजे ताजं, संपलं. कुठलं! ताजं, नवं, टवटवीत, गार वारा, गोडं पाणी — ओळ संपेचना. आपल्यात एकेका कामाला वेगळा शब्द. इंग्रजानं एकाच सुनेच्या गळ्यात सगळं घर टाकलंय!

६ मार्च

टँकर आला. छावणीतल्या बोअरचं पाणी खारं, जनावरं तोंड लावीनात. हे गोडं पाणी मात्र माझी तांबू गाय हौदात नाकपुड्या बुडवून प्यायली. मी म्हटलं, "पी बाई, फ्रेश हाय!"

बायकांनी घेरलं. छबुबाई म्हणाली, "सारजाआक्का, आनखी काय लिवलंय त्यात?"

"उद्धट माणसालाबी फ्रेश म्हनतात."

"मंग मी जलमापासून फ्रेश हाय की!"

छबुबाईच्याच वाडीची सावित्रीबाई, आमची अध्यक्ष, म्हणाली, "लगीन व्हऊन आल्या दिशीच तुझ्या सासूला कळलं ते!" हसून हसून बाज मोडायची वेळ आली. एक्कावन्न लिटर.

८ मार्च, शुक्रवार

तांबू व्याली! कालवड! कपाळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका!

आणि डिक्शनरीत काय सापडावं — नुकत्याच व्यालेल्या गाईलाही फ्रेशच म्हणतात! म्हणजे तो शब्द लिहिणारा कधीतरी गोठ्यात उभा राहिलेला असणार. फार जवळचा वाटला मला.

तीन विटांची चूल मांडली, गूळ घातला, खरवस छावणीभर वाटला. चीक वाटायचा, विकायचा नाही. नुकत्या व्यालेल्या जनावराचं दूध पाच दिवस कॅनमध्ये नाही, घातलं तर महिनाभर त्या बाईचं दूध बंद — संस्थेत हा नियम मीच हट्टानं घालायला लावला.

१० मार्च

सहा दिवस पार. उद्या एकच! जीव थाऱ्यावर नाही.

११ मार्च, सकाळ

आमच्यातल्या एकीचा नवरा धुळाजी, त्यानं पहाटेच घरच्या दोन म्हशी पाहुण्यांकडं नेल्या. आमच्या संस्थेत त्यांचंच दूध जास्त. माप अडलं सत्तेचाळीसवर! बाकीच्या बायका टेम्पोपाशी राधाकिशनशी हुज्जत घालत होत्या — "थांब की बे जरा!" मी तांबूपाशी बसले. चौथाच दिवस. दूध पांढरं दिसत होतं. जराशी पिवळी झाक, पण ती कोवळ्या उन्हाची असेल. चरवी नेऊन दिली. छबुबाईनं आत पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, ओतली.

पन्नास! पन्नास! पन्नास!

दुपार

कॅन परत आला. राधाकिशननं चमचाभर दूध आमच्यासमोर तापवलं. फुटलं.

"नुकत्या व्यालेल्या जनावराचं हाय ह्यात. पुन्हा एकपासून मोजा."

सावित्रीबाई छबुबाईच्या अंगावर गेली. "माप तुझ्याकडं. कुनाचं वतलंस? कावून वतलंस?"

"वतलं. चुकलं माझं." एवढंच बोलली. नाव घेतलं नाही.

नाव घेत नाही म्हणून तिचंच दूध महिनाभर बंद केलं. माप काढून घेतलं. आणि दिलं कुणाला? मला! "आक्का नेमाची बाई." नियम माझाच, म्हणून तांबू कुणाच्या मनातही आली नाही. माप हातात घेतलं. घासून धुवायला लागले.

१३ मार्च

पलीकडच्या ओळीतली जानकीबाई चार जणी घेऊन संस्थेत दूध घालायला आली. बावन्न लिटर! पहिला दिवस, दुसऱ्यांदा. फ्रेशचा आणखी एक अर्थ निघाला — मागचं सोडून पहिल्यापासून. मागचं सुटतं कुठं? छबुबाई तिच्या गाईचं दूध सकाळी वासरांना पाजत होती. मी समोरून गेले. "आक्का, आज किती?" "बावन्न." "झ्याक!" खरंच खूश झाली होती.

१९ मार्च, मंगळवार

मंजूर! मंजूर! राधाकिशननं कागद दाखवला, सगळ्यांनी हात लावून पाहिला. सावित्रीबाई नाचली, जानकीबाईनं शीळ घातली — ह्या वयात! मीही नाचले.

उद्या केंद्राचा नारळ मी फोडायचा म्हणतात. नेमाची बाई म्हणून.

नाही फोडणार. उद्या सांगणार. नाव जाईल, जाऊ दे. छबुबाई माझ्यासाठी सोसतेय.

२० मार्च

नारळ खाली ठेवला आणि सांगितलं. छबुबाई उठली — "आक्का, तुमच्यासाठी न्हाई बसले मी गप. पिवळं मलाबी दिसलं व्हतं. पन्नासाचा आकडा मलाबी पायजे व्हता." सावित्रीबाईनं दोघींकडं पाहिलं आणि म्हणाली, "मंग दूध दोघींचं बंद. आन् माप दोघींनी मिळून धरायचं. एकीनं बघायचं, दुसरीनं वतायचं. नारळ म्या फोडते."