मिस्किताबाईची पाच सालं आणि कौलावरचे आबा

आखाजी म्हणजे अक्षय तृतीयेनंतरचा चौथा दिवस, १९९०
(साल सूनबाई पुष्पाने घातलं, पत्र तीच लिहिते आहे. मला विचारलं असतं तर मी "यंदा" सांगितलं असतं.)

चिरंजीव सुकदेव यास अक्काचे भरपूर आशीर्वाद.

तू विसरला असशील म्हणून आधी ओळख देते. अक्का म्हणजे तुझी थोरली बहीण. तू पाच वर्षांचा असताना विहिरीत वाकून बेडूक बघत होतास आणि तोल गेला, तेव्हा जिने तुला शेंडीला धरून वर ओढलं ती. (शेंडी पुढे गेली, तिच्यासोबत आठवणही गेली असणार.) आखाजीला लेकी-बहिणी माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात हे अख्ख्या खानदेशाला ठाऊक आहे, फक्त भुसावळच्या एका रिटायर गार्डाला ठाऊक नाही. चाळीस वर्षं हिरवी झेंडी दाखवून गाड्या लोकांच्या माहेरी पाठवल्यास, पण बहिणीला न्यायला कोणी आलं नाही. पत्र आलं ते आखाजीच्या आदल्या दिवशी, आणि त्यात विचारलंस काय, तर बाटल्या कशा आहेत! असो. माझ्या भावजयीचे, यशोदेचे, गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, माझेही तसेच आहेत, पण मी ते लोकांना दाखवत फिरत नाही. भुसावळात ऊन किती हे विचारत नाही, आमच्याकडून उरलेलंच तिकडे जातं.

आता तुझ्या पत्राकडे येते. पुष्पाने ते मला दोनदा वाचून दाखवलं. मिस्किताबाई रेल्वेचं क्वार्टर सोडून मुलाकडे गोव्याला चालली, आणि जाण्याआधी द्राक्षाची शेवटची बरणी घालून तुझ्या घरी ठेवून जाणार, हे समजलं. वाईट वाटलं. बाईला मी जन्मात दोनदाच पाहिली, पण तिच्या हातची चव माझ्या जिभेवर इतकी वर्षं आहे, तेवढी माझ्या सख्ख्या सुनेच्या हातची नाही. (पुष्पा, थांबलीस का? लिही.) तिच्या वहीत सालवार मापं आहेत, गूळ किती, लवंग किती, ब्रँडी किती, आणि ती विचारते की कोणत्या सालची सर्वांत चांगली झाली होती, म्हणजे शेवटची त्याच मापाने घालते. आणि तू तिला सांगितलंस की हे अक्काला विचारू, कारण इतकी वर्षं नेमाने घेणारी तीच एक. बाई तिला पोर्ट म्हणते, तू टॉनिक म्हणतोस, मी औषध म्हणते. तोतारामला आजवर काही म्हणायची वेळ आली नव्हती, कारण त्याला ती माहीतच नव्हती. तुझा भाचा दोन वर्षांपासून गावच्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष आहे हे तुला आठवत असेल तर ठीक, नसेल तर पुन्हा वाच.

तर तू लिहिलंस, द्राक्षं आठ दिवसांत संपतील, उलट टपाली साल कळव. सुकदेव, तुला हे सोपं वाटलं असेल. पण हे चुकलं तर मला उरलेलं आयुष्य भलतंच पाणी पीत काढावं लागेल, आणि आमच्या घराण्यात बायका नव्वदीच्या आत जात नाहीत.

बाईची बरणी साल-दोन सालाआड व्हायची, आणि मला अक्षर येत नाही, म्हणून दर बाटलीच्या गळ्याला मी खूण बांधत आले. तोतारामच्या लग्नाच्या सालाला हळदीचा दोरा. वादळाने केळी झोपवली त्या सालाला केळीच्या सोपटाची दोरी. टीव्ही आला त्या सालाला वायरचा तुकडा. नात झाली त्या सालाला काळा गोफ, आणि तू रिटायर झालास त्या सालाला तुझ्याच शिट्टीची दोरी. (शोधत होतास ना? माझ्याकडे होती.) थंडीत रोज एक टोपणभर, वर कोमट पाणी. आणि प्रत्येक सालचं तळाशी चार बोटं राखून ठेवलेलं, जुन्या लोणच्याची फोड राखतात तसं. पाचही बाटल्या ज्वारीच्या कोठीत, ज्वारीच्या खाली. तिथे तोतारामचा हात जात नाही, कारण त्याला ज्वारी फक्त ताटात माहीत आहे.

पण आखाजी आली आणि सूनबाईंना सफाईचं वारं भरलं. मी धुरपदाबाईकडे पापड लाटायला गेले होते, परत येते तर ओट्यावर पाची बाटल्या धुऊन-पुसून उन्हात ओळीने उभ्या, शाळेतल्या पोरांसारख्या. दोऱ्या-चिंध्या सगळ्या काढून चुलीत. मी म्हटलं, काय केलंस हे? तर म्हणते, "तुमच्या औषधाच्या बाटल्यांना किती कचरा गुंडाळलेला होता व आत्याबाई!" आता पाची बाटल्या एकाच हिरव्या रंगाच्या, एकाच उंचीच्या. नऊ वर्षं सरमिसळ करून ठेवली बाईने. (मी मुद्दाम केलं नाही, मामा. — पुष्पा) (मधे काय लिहिलंस? वाचून दाखव. बरं.)

मग एकच उपाय उरला, चाखणं. माझी एकटीची जीभ पक्षपाती, म्हणून शेजारच्या धुरपदाबाईला बोलावलं. ती मूळची सोनगीरची, तेव्हा किल्ल्यासारखी बसली की हलत नाही. पोटातल्या वायूसाठी दरवर्षी तिलाही टोपणभर देत आले आहे, त्यामुळे तिला साल कळतं असा तिचा समज. आखाजीच्या दुपारी गावात पत्त्यांचे डाव बसतात. अध्यक्षसाहेब समितीचे लोक घेऊन ते उठवायला गेले, पोरीबाळी झोक्यांवर, घर मोकळं. आम्ही दोघी भिंतीला टेकलो आणि टोपण पुढे केलं.

पहिली बाटली ओठाला लागताच ओळखू आली, लग्नाचं साल. आधी गोड गोड, पायाला वाकून नमस्कार, आणि अर्ध्या तासाने डोक्यात चढून बसते. (पुष्पा, हे मी बाटलीबद्दल बोलते आहे.) दुसरी टीव्हीच्या सालची. रंग काय, झळाळी काय, आणि चव म्हणशील तर नुसती चित्रं हलताहेत, आवाज नाही. तिसरीत लवंग-दालचिनी इतकी की बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडल्यासारखं झालं, म्हणजे नातीचं साल. चौथी तू रिटायर झालास त्या सालची. निरोपाच्या गडबडीत बाईचा हात ब्रँडीवर जड पडलेला दिसतो. ती गळ्यातून जात नाही, एक्सप्रेससारखी न थांबता निघून जाते आणि मागे नुसता धूर.

आणि पाचवी वादळाची. आंबट, करडी, घशातून उतरताना आधी दार वाजवते आणि मग उतरते. त्या साली सगळी बाग आडवी झाली तेव्हा तोतारामचे आबा दोन दिवस उंबऱ्यावर बसून होते. जेवले नाहीत, बोलले नाहीत. मी जबरदस्तीने एक टोपण पाजलं. घटकाभराने म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे. मी चुलीपुढे बसून रडले. मीठ कमी नव्हतं. सुकदेव, माझ्या मते हेच साल. पण धुरपदाबाई कुठली ऐकते! तिला लग्नाचं साल हवं. मी म्हटलं, तुझ्या जिभेला फक्त गूळ कळतो. ती म्हणाली, "तुले काय समजस व! हाईच चांगली शे." प्रत्येक मुद्दा पटवायला प्रत्येकीने पुन्हा एकेक टोपण घेतलं. पाच-सहा मुद्दे झाले. त्यानंतर कोणती बाटली कोणत्या सालची यावरच वाद सुरू झाला, म्हणून पुष्पाला हाक मारून मी सांगेन तसे कागदावर सालांचे आकडे घालून खळीने चिकटवून घेतले. ते काम मात्र तिने मन लावून केलं, प्रत्येक बाटली हुंगून.

वाद मिटेना तेव्हा मला सुचलं की आज आखाजी, आज पितरांना घागर भरतो, घास ठेवतो. मग आबांनाच का विचारू नये? हयातीत माझं-धुरपदाबाईचं भांडण तेच मिटवायचे. मांड्याचे पाच तुकडे केले, एकेक तुकडा एकेका सालात चांगला भिजवला, आणि पळसाच्या पानावर मांडून पुष्पाला शिडीवरून कौलावर ठेवायला लावले. मी खालून हात जोडले, म्हटलं, आवडलं त्याला आधी चोच लावा, घाई नाही. एरवी आमच्या आबांचा कावळा तासतासभर ताटकळत ठेवतो. त्या दिवशी पान टेकताक्षणी आला. आधी वादळाला चोच लावली, हे मी पाहिलं. धुरपदाबाई म्हणते लग्नाला लावली. तिला मोतीबिंदू आहे. नंतर त्याने कोणाचाच अपमान नको म्हणून पाची तुकडे खाल्ले, पान चाटलं, आणि पानात साचलेलंही सोडलं नाही.

मग तो कौलावर बसला. उडेना. मान एका बाजूला, एक पंख जरा उघडा, आणि "काव" म्हणायला गेला तो अर्ध्यावर थांबून विचारात पडला. एवढ्यात दारात तोताराम, सोबत समितीचा उपाध्यक्ष धनसिंग आणि आणखी दोघे-तिघे, जप्त केलेले पत्ते हातात. धनसिंगची नजर वर गेली आणि त्याने टोपी काढली. "अध्यक्ष, आबाच आले! बघा, माणसाला घाबरू नाही राहिले!" सगळ्यांनी हात जोडले. तोतारामचेही डोळे भरून आले. त्याने पुढे होऊन "आबा" अशी हाक मारली आणि आबा कौलावरून घसरत घसरत आले ते थेट त्याच्या ओंजळीत. पाय वर.

धनसिंग म्हणाला, ऊन लागलं, कांदा आणा. पण तोतारामने चोचीजवळ नाक नेलं, एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लाज नाही वाटत, जिवंतपणी कधी बापाचं तोंड हुंगलं नाहीस आणि आता चार माणसांत हुंगतोस? त्याने आबांना घागरीच्या सावलीत ठेवलं. दिवस मावळता ते उठले, आधी तुळशीला धडकले आणि मग वाकडेतिकडे भुसावळच्या दिशेने गेले. तुझ्याकडे आले असतील तर ताक पाज.

आबा सुटले, बाटल्या सुटल्या नाहीत. अध्यक्षांनी पाची बाटल्या आकड्यांसकट जप्त करून समितीच्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद केल्या. मी खूप समजावलं की औषध आहे. तो म्हणाला, तपासणी होईल. गेले तीन दिवस बिचारा रोज संध्याकाळी धनसिंगला घेऊन तपासणीला जातो. त्याला खोकलाही झाला आहे. पण परत येतो तेव्हा स्वभाव बराच निवळलेला असतो. काल तर माझे गुडघे दाबून दिले आणि तुझी चौकशी केली, मामा फार थोर माणूस म्हणाला. बाहेरची हवा लागली की माणूस सुधारतो.

तर बाईला सांग, वादळाचं साल. पुष्पाने हिशोब करून १९८३ सांगितलं आहे. तेच माप, एक लवंगही इकडेतिकडे नको. तिला म्हणावं, तिच्या हाताने आमच्या घरात एक माणूस बोलता केला होता, हे मी विसरले नाही. गोव्याला सुखाने जा.

तुझी,
अक्का (अंगठा पुष्पाने शाई लावून उमटवून घेतला आहे, डाग पडला तो तिचा.)

ता. क. — आता खरं काम. बरणीतून एक बाटली उघडपणे पाठव, ती तोतारामने जप्त करायची. दुसरी तांदळाच्या पिशवीत घालून धुरपदाबाईच्या पत्त्यावर पाठव. आणि हे पुष्पाला कळू देऊ नकोस. (पुष्पा, हे लिहिलंस ना नीट?)

ता. क. दुसरा — मामा, नमस्कार. आत्याबाईंना मी पत्ता लिहिते आहे असं सांगितलं आहे. वादळाची फार आंबट आहे हो. नात झाली त्या सालची (१९८६) सांगा. बाळंतपणात आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने रोज पाजली होती, तेव्हापासून मी कोठी झाडताना रोज थोडी झाडते, आणि आत्याबाईंना कळू नये म्हणून वर तेवढाच लवंगेचा काढा. म्हणून त्यांना त्या सालात लवंग जास्त लागली. बाईंच्या वहीत असेल तेवढीच घालायला सांगा. — पुष्पा

ता. क. तिसरा — ती. मामांस शि. सा. न. सदर पाकिटाचा डिंक यावल स्टँडवर उन्हाने आपोआप सुटल्यामुळे वरील मजकूर नजरेखालून गेला. समितीचा अध्यक्ष या नात्याने मी त्याचा तीव्र निषेध नोंदवतो. तथापि जप्त मालाची तपासणी करणे हे कर्तव्य असल्याने ते उपाध्यक्षांसह पार पाडण्यात आले. १९८३ चा माल करडा असून १९८६ चा लवंगीमुळे घशाला बोचतो. आपण निवृत्त झालात त्या सालचा (१९८८) माल खोकल्यावर निर्विवाद असल्याचे एकमताने ठरले. माल संपल्यामुळे तपासणी अपूर्ण राहिली आहे. तरी घरात कलह नको म्हणून मिस्किताबाईंनी तिन्ही सालच्या मापाने एकेक बरणी घालावी, द्राक्षं कमी पडल्यास यावलहून पाठवतो, आणि तिन्हींची एकेक बाटली समितीच्या पत्त्यावर तपासणीसाठी रवाना करावी. रिकाम्या पोटी तपासणी केल्याने जळजळ होते, म्हणून सोबत किलोभर खारे शेंगदाणे पाठवावेत. धनसिंगही बसतो, तेव्हा दोन किलो. — तोताराम