जिवंत समुद्राची भिंत

४ मार्च
अखेर माझी कदर झाली. निसर्ग-संग्रहालयात ‘जिवंत समुद्र’ दालनाची छोटी भिंत मला मिळाली. ती पसंत पडली की समोरची देवमाशाची मोठी भिंतही माझीच. दुकानांच्या पाट्या रंगवणं कायमचं बंद. बायको म्हणाली, आधी मोठी भिंत मिळू दे. हिला कलेतलं काही कळत नाही.

५ मार्च
संकल्प : मासा प्रत्यक्ष पाहूनच काढायचा. संग्रहालयाच्या मत्स्यतज्ज्ञ बाईंनी पाण्याखालचे व्हिडिओ दिले होते. नम्रपणे परत केले. मत्स्यालयात जाऊन आलो. तिथले मासे क्षणभर एका जागी थांबत नाहीत. मासळी बाजारातले थांबतात.

९ मार्च, सकाळ
ताजे मासे आणून बर्फावर मांडले. डोळे हुबेहूब उतरले.

संध्याकाळ
बायकोने मॉडेल तळले. शेपट्या रंगवायच्या राहिल्या होत्या. भांडलो. जेवलो मात्र.

१४ मार्च
बाई येऊन गेल्या. म्हणे मासे दमलेले वाटतात, आणि हा कोपऱ्यातला मासा निळा-हिरवा हवा. मी पाहिला तेव्हा तो राखाडी होता! डोळ्यांनी पाहिलेलं खरं की पुस्तकातलं? डोकं फिरलं. मान डोलावली आणि काहीही बदललं नाही.

१९ मार्च
मेव्हणा बघायला आला. सगळे मासे एका कुशीवर का, म्हणाला. जन्म बँकेत गेला, हा मला शिकवणार. तो गेल्यावर लांबून पाहिलं. थोडे कुशीवर आहेत खरे. बुडबुडे टाकले, म्हणजे हालचाल येईल.

२२ मार्च
बुडबुड्यांनी घात केला. आता मासे नुकतेच बुडाल्यासारखे दिसतात. डोळे पुन्हा रंगवले. जितके चमकवावे तितके जास्त मेलेले. रंगाच्या कंपनीचीच चूक. वैताग आलाय नुसता. मोठी भिंत गेली तर या वयात पुन्हा शिडीवर चढून ‘किल्ल्या बनवून मिळतील’ लिहायचं.

२८ मार्च, दुपार
जिंकलो! संचालकांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग म्हणाले, “एकाही माशाला हात लावू नका.” बाईंनाही पटलं. बायकोला लगेच फोन केला. इतकं खूश मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळ
माझ्या भिंतीचा विषय बदललाय : ‘सांडपाण्याने मेलेला समुद्र’. जिवंत समुद्र आता देवमाशासकट समोरच्या भिंतीवर. त्यासाठी दुसरा चित्रकार ठरलाय. तो व्हिडिओ बघून काढतो.
घरी अजून बोललो नाही. रविवारी बायको सगळ्या माहेरच्यांना घेऊन भिंत बघायला येणार आहे.